वांगं, मुळा आणि सात पाकिटं

हे लिहू का, असं मी आत्याला विचारलं तेव्हा ती मेथीच्या जुड्या बांधत होती. मान वर न करता म्हणाली, "लिव. पण नाव कोनाचंच टाकू नको. माह्यं नको, तुह्या बापाचं नको. मुळ्याचं टाकलं त चालते."

म्हणून या लेखात माणसांची नावं नाहीत. मुळा आहे.

ही दोनेक वर्षांपूर्वीची गोष्ट; महाराष्ट्र होऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. मी खामगावच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होतो आणि भाजीबाजाराच्या मागच्या बोळात आत्याच्या खोलीवर राहत होतो. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेज कुणी पाहिलं नव्हतं. त्यामुळे जे मला येत नसे तेही येतं असं सगळे धरून चालत, आणि नाही म्हणायला मला नेहमी उशीर व्हायचा.

आत्या बाबांची थोरली बहीण. यजमान गेल्यापासून ती खामगावच्या बाजारात भाजी घेऊन बसायची. आमच्या गावी, पिंपळगाव राजाला, विहिरीखाली तिच्या नावावर एक लहानसा तुकडा होता. त्या तुकड्यामुळे ती गावच्या भाजीपाला सोसायटीची सभासद होती, आणि त्या सोसायटीचे चेअरमन होते माझे बाबा.

सोसायटीचं मोठं काम एकच. गावचा भाजीपाला रोज ट्रकनं खामगावला पोचवायचा. बाबांचा नियम असा की कुणाचीही टोपली मागं राहता कामा नये. एखाद्याची गवार तोडायची राहिली असेल तर बाबा ट्रक थांबवत. मग दुसऱ्याला आठवायचं की आपलीही कोथिंबीर राहिली. ट्रक निघेपर्यंत ऊन चढलेलं असायचं, आणि खामगावला पोचलेली मेथी मान टाकून पडलेली असायची. आत्या तिच्यावर पाणी शिंपडत बाबांना चार शब्द सुनवायची. बाबा तिथं नसत. ते शब्द मी ऐकायचो.

त्या वर्षी निवडणूक आली आणि आमच्या शेताशेजारचे काका बाबांच्या विरुद्ध उभे राहिले. त्यांचं म्हणणं, ट्रक तांबडं फुटताच निघाला पाहिजे, जो आला तो आला. सहकार खात्याचे एक साहेब निवडणूक घ्यायला नेमले होते. सभासदांना ओळखता याव्यात म्हणून त्यांनी निशाण्या भाज्यांच्याच दिल्या. चिठ्ठ्या टाकल्या, बाबांना वांगं आलं, काकांना मुळा. काका दोन दिवस नाराज होते. "वांग्याचं भरीत त होते," ते म्हणायचे, "मुळ्याले कोन इचारते?"

त्याआधी एक सभा झाली होती, आणि खरी भानगड तिथूनच सुरू होते. सोसायटीचे सात सभासद खामगावात राहायचे. कुणी बाजारात बसायचं, कुणी जिनिंगमध्ये कापसाची मोठी पोती, बोद, उचलायचं. कापसाच्या दिवसांत त्यांना मतासाठी गावी येणं जमण्यासारखं नव्हतं. त्यांनी मत पोस्टानं पाठवावं असं बाबांनी सुचवलं. खामगावची सातही मतं आपलीच आहेत याबद्दल बाबांना शंका नव्हती. सगळ्यांच्या टोपल्यांसाठी त्यांनी इतकी वर्षं ट्रक थांबवला होता ना.

"कसं करतात ते आमचा पोरगा सांगन," बाबा म्हणाले. "तो नागरिकशास्त्र शिकून राह्यला."

मी उभा राहिलो. मी सांगितलं की एक लहान पाकीट असतं, त्यात मत. ते मोठ्या पाकिटात, त्यावर सभासदाची सही किंवा अंगठा आणि एका साक्षर साक्षीदाराची सही. मोठं पाकीट आधी तपासायचं, लहान पाकिटं एकत्र मिसळायची, मगच उघडायची. म्हणजे मत कुणाचं ते कुणालाच कळत नाही.

"पाकीट वाफेवर उघडते," काका म्हणाले. "माह्या बायकोनं उघडलं आहे. तिच्या माहेरचं पत्र होतं, मी खिशात घेऊन फिरत होतो."

मागून एक म्हातारबा म्हणाले, "मेलेला मानूस रांगेत उभा नाही राहू शकत. पोस्टानं मत देऊ शकते."

"जिनिंगचा मुकादम त सगळ्याईची पाकिटं गोळा करन," तिसरा म्हणाला. "म्हनन, आना इकडं, मी टाकतो डब्यात."

प्रश्न खरे होते. मी म्हणालो, धोका आहे, पण सात माणसांचं मत अजिबात न घेणं हाही एक धोकाच आहे.

"तुले खात्री आहे का बे, लबाडी होनार नाही म्हून?" काकांनी विचारलं.

"पूर्ण नाही," मी म्हणालो.

सभा हसली. पण ठराव मंजूर झाला, बहुधा माझ्या उत्तराला हसण्याच्या भरात. फॉर्म तयार करायचं कामही माझ्याकडेच आलं. मी पुस्तकात पाहून, रेघा आखून, कॉलेजच्या वाचनालयात बसून ते केले. उमेदवाराच्या मुलानं साक्षीदार होऊ नये अशी ओळ त्यात असायला हवी होती, हे मला सुचलं नाही.

सुचलं नाही, कारण खामगावात साक्षर साक्षीदार म्हणजे मीच, हे मला ठाऊक होतं. दर रविवारी दुपारी आमच्या गावची मंडळी आत्याच्या खोलीवर यायची आणि मी त्यांची पत्रं लिहायचो. ते सांगायचे, मी लिहायचो, मग मोठ्यानं वाचून दाखवायचो. तशी रीतच होती. मतपत्रिका आल्या त्या रविवारीही सगळे आले आणि रीतीप्रमाणे बसले.

पहिले होते कोथिंबीरवाले मामा. मी कागद समोर ठेवला, पेन त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते परत दिलं.

"तू लिव. आधी चेअरमनसाहेबाले नमस्कार लिव. येथील सर्व खुशाल, असं टाक."

"मामा, हे पत्र नाही. फक्त फुली करायची. तीही तुम्हीच."

"माह्या हातानं कागद फाटते. अन् नमस्कार न करता एकदम मत? बरं दिसते का ते?"

नमस्कारावरून बराच वेळ गेला. शेवटी तो तोंडी पोचवीन असं मी कबूल केलं. बाकीच्यांना म्हटलं, मत गुप्त असतं, तुम्ही बाहेर बसा. ते बाहेर पायरीवर बसले, दारापासून दोन हातांवर.

"मुळा," मामा म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"तुह्या बापावर राग नाही बाबू. मेथीचा राग आहे. लिव मुळा. अन् वाचून दाखव."

"काय वाचून दाखवू? फुली आहे."

"जे लिवलं ते वाच. मोठ्यानं, मले कमी ऐकू येते."

मी वाचलं, "मुळ्यापुढे फुली." पायरीवरून कुणीतरी म्हणालं, "हाव, बराबर आहे."

असं एकामागून एक चाललं. मुळा, मुळा, मुळा. बापाच्या विरुद्ध फुल्या मीच मारत होतो, पाकिटावर पत्ता मीच घालत होतो आणि साक्षीदार म्हणून सहीही मीच करत होतो. हात जरा जड चालत होता, पण फुल्या मी सरळ काढल्या. पाचवा जिनिंगमधला एक तरणा गडी होता. तो बराच वेळ माझ्या तोंडाकडे पाहत राहिला.

"वांगं लिव," तो म्हणाला.

मी पेन खाली ठेवलं. "माझ्याकडे पाहून सांगू नका. तुमच्या मनात असेल ते सांगा."

"वांगंच. तुह्यासमोर दुसरं कसं सांगू?" मग म्हणाला, "नाही, तसं नाही. वांगंच होतं मनात." त्याच्या मनात खरं काय होतं ते मला आजही माहीत नाही. सभेत धोक्याबद्दल इतकं बोललो, पण धोका म्हणजे मी स्वतःच समोर बसलेला असणं, हे त्या दुपारी कळलं. सहाव्यानं पुन्हा मुळा सांगितला.

शेवटी आत्या.

"दे इकडं," ती म्हणाली. "सगळ्याईले गुप्त गुप्त सांगून राह्यला, मंग मी काऊन सांगू तुले?"

आत्या प्रौढ शिक्षण वर्गात सही शिकली होती. पेन ती खुरपं धरावं तसं धरायची, मुठीत, आणि दाबायचीही तसंच. ती भिंतीकडे तोंड करून बसली, पदर आडवा घेतला. टच् असा आवाज आला. तिनं कागदाची घडी करून पाकिटात घातली आणि पेन मला परत केलं. निब वाकलं होतं.

"भोक पडलं जराक," ती म्हणाली. "चालते ना?"

आठवड्यानं गावी मतदान झालं आणि शाळेच्या खोलीत मोजणीला सगळे बसले. प्रत्यक्ष दिलेल्या मतांत वांग्याला एक्केचाळीस, मुळ्याला सदतीस. बाबा चार मतांनी पुढं होते. साहेबांनी पोस्टाची सात पाकिटं टेबलावर ठेवली.

काका उठून टेबलाजवळ गेले आणि एकेक पाकीट उलटंपालटं करून पाहू लागले. "साहेब, सातही पाकिटाईवर अक्षर एकाचं आहे."

साहेबांनी पाकिटं जवळ ओढली.

"अन् साक्षीदाराची सही पाहा. चेअरमनच्या पोराची. सातही ठिकानी." काका माझ्याकडे वळले. "मी सभेतच इचारलं होतं याले. खात्री नाही म्हने. आता समजलं काऊन नव्हती ते. सातही बाद करा, साहेब."

बाबांचा चेहरा लाल झाला. "करा बाद," ते म्हणाले. "माह्या पोराच्या हातची मतं नाही पाह्यजेत मले. एक्केचाळीस पुरतात."

साहेबांना हायसं वाटलेलं दिसलं. त्यांना संध्याकाळची गाडी गाठायची होती. "दोन्ही उमेदवारांची संमती असेल तर प्रश्न मिटला," असं म्हणून त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

माझा हिशेब तेवढ्यात झाला होता. पाकिटं बाद झाली तर बाबा निवडून आले. उघडली तर मुळ्याची पाच मतं मला माहीत होती, वांग्याचं एक. म्हणजे दोघं बेचाळीस-बेचाळीस, आणि सगळं आत्याच्या भोकावर. काका आपल्याच हातानं आपली पाच मतं फेकत होते आणि ते मी त्यांना सांगू शकत नव्हतो, कारण सांगितलं की मतं गुप्त राहिली नसती. गप्प बसलो असतो तर बाबा चेअरमन राहिले असते, आणि मला कुणीही काही म्हटलं नसतं. मला गप्प बसायचं होतं, हेही खरं लिहिलं पाहिजे. पण मामांचा नमस्कार आठवला. तो मी अजून पोचवला नव्हता.

मी उठलो. "साहेब, मतं उमेदवारांची नाहीत," मी म्हणालो. "त्या सात जणांची आहेत. उमेदवारांनी सोडून दिली म्हणून ती जात नाहीत. पाकीट आपलं आहे का, आणि आपल्या मर्जीनं पाठवलं का, एवढं त्यांना विचारा. मत कुणाला ते विचारू नका."

"पाह्यलं," काका म्हणाले. "एक्केचाळीस मतं पुरेनात, पोरगं बापासाठी लढून राह्यलं."

बाबा मला हळू आवाजात म्हणाले, "बस बे खाली. जिंकलो ना आपन."

साहेबांनी टोपण परत लावलं. ते थोडा वेळ नियमांची वही चाळत राहिले, मग म्हणाले, "मुलगा म्हणतो ते बरोबर आहे. उद्या खामगावला जाऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही निघालो. साहेब पुढं बसले, पाकिटांची पेटी आणि सोसायटीचं सह्यांचं रजिस्टर मांडीवर घेऊन. बाबा आणि काका यांना एकच बाक मिळाला. पहिले दोन थांबे ते दोन दिशांना पाहत होते. मग काकांच्या कोबीवर मावा पडल्याचा विषय निघाला, आणि खामगाव येईपर्यंत बाबा त्यांना तंबाखूचं पाणी कसं फवारायचं ते सांगत होते.

आत्याच्या खोलीत सगळे दाटीवाटीनं बसले. साहेबांनी रजिस्टर उघडून पाकिटावरच्या सह्या आणि अंगठे पडताळायला सुरुवात केली. एका पानावर ते थांबले.

"हे काय? उंदरानं कुरतडलं का?"

"नाही साहेब," बाबा म्हणाले, "माह्या बहिनीची सही आहे ते. तिचा हात जड आहे. खालची तीन पानंही गेली."

आत्या चुलीवर चहा ठेवत होती. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

साहेबांनी मामांना विचारलं, "हे पाकीट तुमचं? तुमच्या मर्जीनं पाठवलं?"

"हाव जी. मर्जीनं म्हनजे कसं, मी याले म्हटलं मु..."

"पुढं सांगू नका."

"नाही, वाचूनही दाखवलं त्यानं. मोठ्यानं."

"कृपा करून पुढं सांगू नका," साहेब म्हणाले. त्यांनी खरोखरच एक हात कानावर ठेवला होता. मामा माझ्याकडे वळले. "नमस्कार पोचवला का?" मी तिथल्या तिथं बाबांना सांगितलं की मामांनी नमस्कार सांगितला आहे. बाबांनी हात जोडले, काकांकडे पाहून थोडे हसलेही. त्यांना वाटलं, एक मत तर पक्कं झालं.

सातही जण हो म्हणाले. साहेबांनी लहान पाकिटं बाहेर काढली, आत्याच्या रिकाम्या टोपलीत टाकून हलवली आणि उघडू लागले. मुळा. मुळा. वांगं. मुळा. बाबांचं हसू प्रत्येक कागदाबरोबर थोडं थोडं कमी होत गेलं. काका आधी माझ्याकडे पाहत राहिले, मग फुल्यांकडे, मग पुन्हा माझ्याकडे. पाचवा मुळा निघाला तेव्हा ते खाली बसले.

सातवा कागद साहेबांनी उजेडात धरला. त्यातून दाराबाहेरचा बोळ दिसत होता.

"फाटलेलं मत बाद," काका सवयीनं म्हणाले.

"भोक मुळ्याच्या चौकटीत आहे," साहेब म्हणाले. "खूण स्पष्ट आहे."

काकांनी ताबडतोब बाद हा शब्द सोडून दिला.

मी बाबांकडे पाहिलं. बाबा कागदाकडे पाहत होते. मग त्यांनी मांडी घातलेल्या जागेवरून फक्त डोळे फिरवले, उघड्या रजिस्टरकडे आणि तिथून चुलीकडे. आत्या चहा गाळत होती. एकाच कपात इतका वेळ गाळत होती की चहा बशीतून खाली आला. त्रेचाळीस आणि बेचाळीस, साहेबांनी वहीत लिहिलं.

"एका मतानं," काका म्हणाले. अजून त्यांचा विश्वास बसत नव्हता. "पन हे भोकाचं कोनाचं असन?"

"मत आहे ते," बाबा म्हणाले. "मताले नाव नसते. पोरानं सभेत सांगतलं नव्हतं का?"

मग सगळ्यांनी चहा घेतला. एसटीच्या थांब्यापर्यंत मी बाबांबरोबर गेलो.

"तुले माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

"सगळं नाही."

"तरी उठला तू काल."

"हो."

त्यांनी टोपी काढून झटकली आणि पुन्हा घातली. "फुल्या सरळ काढल्या होत्या," ते म्हणाले. एसटी आली तेव्हा काकांनी आतून जागा धरून ठेवली होती. दोघं एका बाकावर बसून गेले.

आता ट्रक तांबडं फुटताना निघतो. मेथी खामगावला येते ती दहिवरानं ओली. आणि दर आठवड्याला, सगळ्या टोपल्यांच्या वर, एक लहान टोपली बाबांकडून येते, खास आत्यासाठी. भरताची मोठी, काटेरी देठांची वांगी. पहिल्या वेळी आत्यानं टोपलीवरचं फडकं काढलं, आणि ती वांग्यांकडे आणि वांगी तिच्याकडे अशी काही वेळ पाहत राहिली. मग तिनं दोन वांगी निखाऱ्यावर ठेवली. ती उलटवता उलटवता म्हणाली, "राखी मी त्यालेच बांधीन. पन ट्रक नाही देत त्याच्या हाती." एवढंच.

मागच्या सुटीत घरी गेलो तेव्हा बाबा वाफ्यात पाणी सोडत होते. दुसऱ्या वाफ्याचं तोंड फोडता फोडता त्यांनी विचारलं, "तुही आत्या भरीत करते का?"

"करते."

"खाते?"

"दोन भाकरींबरोबर."

"बरं," ते म्हणाले. "तिले सांग, अजून पाठवतो."

ते मी आत्याला सांगितलं, याच मेथीच्या जुड्यांपाशी. तिनं दोरा दातानं तोडला.

"पाठव म्हना," ती म्हणाली. "मी काही भेत नाही वांग्याले."